‘होशील’ म्हणाल्या, ‘कर’ म्हणाल्या नाहीत

तुमच्या पत्रातला वाद थोडक्यात असा. स्पर्धेसाठी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ची दोन तासांची मराठी रंगावृत्ती बसवताय. मॅकबेथचं काम करणारा मुलगा म्हणतो, चेटकिणींनी सगळं आधीच सांगून ठेवलंय, मग त्या बिचाऱ्याच्या हातात होतं काय? मॅकडफ, म्हणजे शेवटी मॅकबेथला मारणारा सरदार, करणारा म्हणतो, बायकामुलांचा सूड घेतो तरी शेवटाला प्रेक्षक गारच. आणि तुमचा स्वतःचा प्रश्न, रंगमंचावर रक्त किती दाखवायचं. मी हे नाटक दोनदा बसवलं. पहिल्यांदा सपशेल फसले, दुसऱ्यांदा बरं जमलं. पहिल्या खेपेला जिथे जिथे कात्री लावली होती, जवळजवळ तिथेच तुम्हीही लावलेली दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मॅकबेथच्या मुलाचं बघू. त्याला पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश उघडायला सांगा आणि फक्त क्रियापदं शोधायला लावा. तिघी काय म्हणतात? तू ग्लॅमिसचा ठाणेदार (म्हणजे तिथला सरदार) आहेस, कॉडॉरचा आहेस, पुढे राजा होशील. त्याच्यासोबतच्या सरदाराला, बँकोला, म्हणतात, तू राजा होणार नाहीस पण राजांना जन्म देशील. मार, चढाई कर, काटा काढ, यातलं एक अक्षरही नाही. भाकितात सगळं ‘होणं’ आहे, ‘करणं’ कुठेच नाही. मूळ इंग्रजीत पुढचा पाऊण भाग या ‘करणं’ क्रियापदाने नुसता भरलेला आहे. राजा डंकनच्या खुनाआधीचं मॅकबेथचं मोठं स्वगत सुरूच होतं ते ‘करून एकदाचं संपत असेल, तर लवकर केलेलं बरं’ अशा अर्थाने. खून करून आला की पहिलं वाक्य, ‘केलं मी ते.’ झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ म्हणते, केलेलं न केलेलं करता येत नाही. ‘होशील’चं ‘करीन’ नेमकं कुठल्या क्षणी होतं, ते नटाने शोधायचं. तेवढं सापडलं की भूमिका सापडली. नशिबावर भार टाकून बसलेला नट हे नाटक पेलू शकत नाही, कारण मग त्याला खेळायला काही उरतच नाही.

आता तुमची पहिली चूक. तुम्ही दुसरा प्रवेश उडवलाय. जखमी सैनिक येऊन लढाईचं वर्णन करतो तो. ‘नुसतीच बातमी आहे, गती अडते’ असं तुम्ही लिहिलंय. मीही हेच म्हणत होते. पण त्या प्रवेशाच्या शेवटी राजा डंकन कॉडॉरच्या गद्दार ठाणेदाराला मृत्युदंड सुनावतो आणि ती पदवी मॅकबेथला देऊन टाकतो. म्हणजे चेटकिणी ‘कॉडॉरचा ठाणेदार’ म्हणतात तेव्हा प्रेक्षकाला ते आधीच ठाऊक आहे, हुकूम निघालाय, जासूद वाटेत आहे. ग्लॅमिसची पदवी तर त्याला वारशाने मिळालेलीच आहे, तो स्वतः तसं म्हणतो. तीनपैकी दोन ‘भविष्यं’ म्हणजे एक जुनी माहिती आणि एक ताजी बातमी! तिसरं तेवढं खरं भाकीत, आणि पहिली दोन खरी निघाली म्हणून तिसऱ्यावर विश्वास बसतो. आपल्याकडचा रस्त्यावरचा हात बघणारा हेच करतो. ‘घरात आजारपण होऊन गेलं, पैसा येतो पण टिकत नाही,’ एवढं बरोबर आलं की गिऱ्हाईक पुढचं सगळं ऐकतं. बँको हे तिथल्या तिथे ओळखतो. तो बजावतो की अंधारातल्या शक्ती आपल्याला किरकोळ सत्यं सांगून जिंकतात आणि मोठ्या गोष्टीत दगा देतात. दुसरा प्रवेश काढलात की कॉडॉरचा निरोप म्हणजे चमत्कार होतो, बँकोचं शहाणपण भित्रेपणा वाटायला लागतं आणि मॅकबेथ बळी ठरतो. प्रवेश आवडत नसेल तर बारा ओळींवर आणा, पण पदवी देण्याचा हुकूम ठेवा.

चेटकिणींचं सामर्थ्य किती, हेही शेक्सपिअरने लिहून ठेवलंय, पण तो भाग बहुतेकजण गंमत म्हणून सोडून देतात. मॅकबेथ यायच्या आधी पहिली चेटकीण एका खलाशाच्या बायकोने चेस्टनट दिले नाहीत म्हणून चिडलेली असते. नवऱ्याला वादळात घालीन, झोपू देणार नाही, वाळवून काडी करीन म्हणते. आणि मग एक ओळ येते: त्याचं जहाज बुडू शकत नाही, पण हेलकावे तर खाईल. बस्स, एवढीच त्यांची ताकद. हलवू शकतात, बुडवू शकत नाहीत. आमच्या दुसऱ्या खेपेला या ओळीवर मी तिघींनाही थांबवलं होतं. बुडवता येत नाही याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर यायला हवा होता.

ही वादळाची गोष्ट हवेतून आलेली नाही. नाटक १६०६ च्या आसपासचं. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर १६०३ पासून पहिला जेम्स होता, आधीपासूनच स्कॉटलंडचा राजा. तो डेन्मार्कहून नवी राणी घेऊन येताना समुद्र खवळला, त्याचं खापर चेटकिणींवर फुटलं आणि १५९०-९१ मध्ये नॉर्थ बेरिकला खटले चालले. जेम्सने जातीने चौकशीत भाग घेतला आणि १५९७ मध्ये चेटूक या विषयावर पुस्तकही काढलं. वर तो स्वतःला बँकोचा वंशज मानायचा. शेक्सपिअरने ज्या बखरीतून कथा घेतली, त्या होलिनशेडच्या बखरीत बँको डंकनच्या खुनात सामील आहे. राजाचा पूर्वज खुनी दाखवायचा कसा? म्हणून तो इथे स्वच्छ झालाय. पण अगदीच स्वच्छ नाही, आणि ही बँकोचं काम करणाऱ्याला मेजवानी आहे. त्यालाही रात्री झोप लागत नाही, वाईट विचार आवर म्हणून तो देवाला विनवतो. तिसऱ्या अंकात तो स्वगतात म्हणतो, तू हे मिळवताना घाणेरडा डाव खेळलास असं मला वाटतं. आणि लगेच पुढे, तुझ्या बाबतीत त्या खऱ्या बोलल्या तर माझ्या बाबतीत का नाही बोलणार? माहीत असून तो गप्प बसतो. तेच भाकीत, तोच माळ, तेच धुकं. एकाने केलं, दुसऱ्याने केलं नाही, पण वाट बघत राहिला. तुमच्या मुलाच्या ‘हातात काय होतं’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्या शेजारी उभं आहे.

भाषांतराचंही इथेच सांगते. तुम्ही ‘हडळी’ म्हटलंय. पण मॅकबेथ आणि बँको त्यांना ‘वीअर्ड सिस्टर्स’ म्हणतात. आज त्या विशेषणाचा अर्थ विचित्र असा झाला असला तरी त्याचं मूळ दैव किंवा विधिलिखित सांगणाऱ्या जुन्या इंग्रजी शब्दात आहे. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी कोण? सटवाई. सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाणारी. ती लिहिते, करत काही नाही. मी भाषांतरात ‘सटवाया’ असं थेट म्हटलं नाही, कारण मग लगेच पाळणा, पूजा, कोरा कागद सगळं डोळ्यांपुढे येतं. पण तालमीत तिघी मुलींना हीच कल्पना दिली: तुम्ही भुतं नाही, लिहून जाणाऱ्या बाया आहात. त्यांचं ओरडणं, नखं काढणं, खदाखदा हसणं एका दुपारीत गळून पडलं. १६११ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहून ज्याने टिपण लिहून ठेवलं तो सायमन फॉर्मन धंद्याने ज्योतिषीच होता, आणि त्याने या तिघींना परी किंवा वनदेवतांसारख्या बायका म्हटलंय. लांब नाकाची, झाडू घेतलेली चेटकीण डोक्यातून काढून टाका.

मग ‘करीन’ कधी येतं? माझ्या मते पहिल्याच अंकाच्या चौथ्या प्रवेशात. त्याआधी तो स्वतःशी म्हणतो, नशिबाला मला राजा करायचं असेल तर मी हालचाल न करताही करेल. इथवर तो बँकोसारखाच आहे. चौथ्या प्रवेशात डंकन भर दरबारात मोठ्या मुलाला, मॅल्कमला, वारस जाहीर करतो. अकराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये गादी बापाकडून मुलाकडेच जायची असं नव्हतं, राजघराण्याच्या शाखांमध्ये फिरायची. मॅकबेथ राजाचा चुलतभाऊ, शिवाय नुकताच लढाई जिंकून आलेला. त्याच्यासमोर दार बंद होतं ते इथे, चेटकिणींमुळे नाही. तो लगेच बाजूला वळून म्हणतो, ही पायरी आहे, हिच्यावर अडखळून पडायचं किंवा हिच्यावरून उडी मारायची. आमच्या नटाला मी सांगितलं होतं, मॅल्कमचं नाव घेतलं जाईल तेव्हा तू सगळ्यांबरोबर टाळी वाजव, पण सगळ्यांचं थांबल्यावरही एक जास्त वाजव. ती एकटी टाळी पुढे काय होणार ते सांगून गेली. इतिहासातलं प्रकरण तर फारच वेगळं, बरं का. खरा डंकन १०४० मध्ये लढाईत पडला आणि खरा मॅकबेथ त्यानंतर सतरा वर्षं राज्य करून १०५७ मध्ये मारला गेला. राजाचं पाहुणा म्हणून घरी येणं, झोपेतला खून, हे सगळं होलिनशेडमधल्याच दुसऱ्या एका राजाच्या खुनाच्या हकिकतीतून उचललंय. शेक्सपिअरला यजमानाच्या घरातलाच खून हवा होता.

लेडी मॅकबेथविषयी एवढंच, की मराठी प्रेक्षक तिच्यात आनंदीबाई बघतो. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशव्यांचा खून आणि ‘ध’चा ‘मा’. अक्षर बदलणारी बाई म्हणून गोष्ट सोपी होते आणि पुरुष सुटतो. तिचं काम करणाऱ्या तुमच्या मुलीला त्या सापळ्यात पडू देऊ नका. लेडी मॅकबेथ खुनाच्या आधी नवऱ्याला म्हणते की वेळ आणि जागा दोन्ही जुळत नव्हती तेव्हा तूच हे बोलला होतास. म्हणजे विषय त्याने काढला होता, कदाचित चेटकिणी भेटायच्याही आधी.

आणि नाटकातलं सगळ्यात अचूक भाकीत चेटकिणींचं नाहीच. ते मॅकबेथचं आहे. खुनाआधीच्या त्याच स्वगतात तो म्हणतो, आपण रक्ताचे धडे देतो आणि ते शिकवणाऱ्याच्याच घरी परत येतात. यात श्लेष नाही, कोडं नाही, पळवाट नाही. पुढचे चार अंक त्या एका वाक्याप्रमाणे घडतात. स्वतः सांगतो आणि स्वतः ऐकत नाही. हे वाक्य सावकाश घ्यायला सांगा.

चौथ्या अंकातली भाकितं वेगळ्या जातीची आहेत. तिथे तो स्वतः चालत जातो, मागायला जातो. कढईतून तीन आकृत्या येतात: शिरस्त्राण घातलेलं डोकं, रक्तात माखलेलं मूल, मुकुट घातलेलं आणि हातात झाड धरलेलं मूल. पहिलं म्हणतं मॅकडफपासून सावध राहा. दुसरं म्हणतं बाईने जन्म दिलेला कुणीही तुला इजा करणार नाही. तिसरं म्हणतं बर्नमचं रान डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस. आपल्या प्रेक्षकाला इथे हिरण्यकशिपू आठवतो, आठवू द्या. ना माणूस ना पशू, ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर. फरक मात्र बघा. हिरण्यकशिपूने तप करून, विचार करून, वकिलासारख्या स्वतःच अटी घातल्या होत्या आणि तरी उंबरठा राहून गेला. मॅकबेथने एकही अट घातलेली नाही. समोरून आलेलं वाक्य त्याने हवं तसं ऐकलं आणि तेच कवच म्हणून अंगावर चढवलं.

शब्द फसवतात, पण चित्रं खोटं बोलत नाहीत, आणि दिग्दर्शकाला इथे खूप काही करता येतं. कापलेलं डोकं त्याचं स्वतःचंच आहे. रक्ताळलेलं मूल म्हणजे आईचं पोट फाडून काढलेला मॅकडफ. झाड धरलेलं मूल म्हणजे सैनिकांना फांद्या तोडायला सांगणारा मॅल्कम. उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर ठेवलंय आणि तो कानाने ऐकतोय. दुसऱ्या प्रयोगात आम्ही मॅकबेथला या प्रवेशात प्रेक्षकांकडे तोंड करून बसवला, आकृत्या त्याच्या पाठीमागे. प्रेक्षकाला दिसतंय, त्याला नुसतं ऐकू येतंय. त्यानेच मान फिरवायला नकार दिला की आम्ही फिरवू दिली नाही यावर तालमीत बरंच भांडण झालं. तुम्ही तुमचं ठरवा. (चेटकिणींच्या देवीचा, हेकटचा, प्रवेश मात्र बिनधास्त काढा. तो बहुधा मिडल्टन नावाच्या दुसऱ्या नाटककाराने नंतर घातलाय.)

दुहेरी बोलण्याचा त्या काळात राजकीय वासही होता. नोव्हेंबर १६०५ मध्ये संसद सुरुंगाने उडवण्याचा कट उघड झाला, आणि त्यात गुंतवला गेलेला गार्नेट नावाचा जेझुइट पाद्री मे १६०६ मध्ये फाशी गेला. शपथेवर दुहेरी अर्थाचं बोलून जीव वाचवण्याची शिकवण हा त्याच्याविरुद्धचा मोठा मुद्दा होता. दारूच्या नशेतला द्वारपाल ‘देवाला चकवा देता आला नाही’ अशा ज्या माणसाची चेष्टा करतो, तो प्रेक्षकांना ओळखू येत होता. म्हणून द्वारपालाला नुसता विनोदी गडी करू नका.

आता सूड. तुमच्या मॅकडफची तक्रार खरी आहे आणि त्याचं कारण तुमच्या कात्रीत आहे. तुम्ही लेडी मॅकडफचा प्रवेश काढलाय. मीही काढला होता! वेळ बसत नव्हता, शिवाय ‘एका प्रवेशापुरती बाई कुठून आणू’ हा नेहमीचा प्रश्न. प्रयोगात काय झालं सांगू? मॅकडफने टाहो फोडला आणि प्रेक्षक त्याच्याकडे सौजन्याने बघत राहिले. जी माणसं आपण पाहिलीच नाहीत त्यांच्यासाठी कोण रडणार? नंतर विंगेत मला त्या नटाची नजर चुकवावी लागली.

तो प्रवेश नीट वाचा. बाई नवऱ्यावर चिडलेली आहे. न सांगता इंग्लंडला पळाला, लहानसा पक्षीही घरट्यातल्या पिलांसाठी घुबडाशी लढतो, याला माया नाही, म्हणते. मुलगा आईशी चावटपणा करतो, बाप गद्दार आहे का विचारतो. मग मारेकरी शिरतात आणि ते पोर रंगमंचावर मरतं. पळ, आई, म्हणत. इथे कुठलंही भाकीत नाही. ‘मॅकडफपासून सावध’ एवढंच सांगितलं होतं, आणि दुसरं भाकीत ऐकल्यावर त्याची भीती कशाला, असं मॅकबेथ स्वतःच म्हणाला होता. मॅकडफ हाताबाहेर गेला म्हणून मागे राहिलेल्यांना मारायचं, हा निर्णय शंभर टक्के मॅकबेथचा. तो म्हणतोच, आता मनात आलं की हात तेच करेल. ‘होणं’ आणि ‘करणं’ यांच्यात पहिल्या अंकात जी भिंत होती, विचार, भीती, लाज, ती इथे पूर्ण पडली. आणि याच कृत्याने त्याने आपला मारेकरी पक्का केला. त्याआधी मॅकडफचं भांडण राजकीय होतं, राज्याभिषेकाला गेला नाही, मॅल्कमकडे सैन्य मागायला गेला, इतकंच. कंसाची गोष्ट माहीत असलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. पोरं मारून भविष्य टळत नाही.

मग बातमी पोहोचते तो प्रवेश. रॉस नावाचा सरदार येतो. मॅकडफ विचारतो, बायको कशी आहे, मुलं कशी आहेत. रॉस म्हणतो, मी निघालो तेव्हा सगळी शांत होती. इथे मराठी आपल्याला मूळ इंग्रजीइतकंच देते, कारण आपल्याकडे माणूस गेला की ‘शांत झाले’ म्हणतात. तुम्ही ‘सुखरूप होती’ केलंय, ते खोडा. ‘सुखरूप’ हे सरळ खोटं आहे, ‘शांत’ हे चेटकिणींसारखं खरं आहे. भला माणूस, प्रेमापोटी, तेच हत्यार वापरतो.

बातमी कळल्यावर मॅकडफ फार थोडं बोलतो. ‘सगळी? सगळी म्हणालास?’ तो पुन्हा पुन्हा तेच विचारतो. मॅल्कम त्याला म्हणतो, टोपी कपाळावर ओढू नकोस, बोल. म्हणजे मूळ प्रयोगात नटाने चेहरा झाकला होता हे त्या ओळीतच आहे. आमच्या मॅकडफच्या अंगावर घोंगडं होतं. ते त्याने डोक्यावरून असं ओढलं की फक्त हात दिसत राहिले, आणि एक हात दुसऱ्या हाताची बोटं मोजत होता. मी त्याला सांगितलं नव्हतं. तालमीत एक दिवस आपसूक आलं, तसंच ठेवलं.

मॅल्कम मात्र घाईत आहे. सूडाचं औषध करू, या दुःखाला तलवारीचा साण कर, मर्दासारखा सामोरा जा. मॅकडफ म्हणतो, जाईन, पण आधी मला ते माणसासारखं सोसलंही पाहिजे. आणि या देवघेवीत ते वाक्य येतं: ‘त्याला मुलं नाहीत.’ कोणाला? मॅल्कमला, म्हणून तो असलं स्वस्त सांत्वन करू शकतो? की मॅकबेथला, म्हणून त्याच्यावर याच्या तोडीचा सूड घेताच येणार नाही? दोन्ही चालतं. मी मॅकबेथकडे झुकते, कारण सूड फिका का पडतो याचं उत्तर त्यातच आहे. मॅकडफचं जे गेलं ते मॅकबेथकडे नाहीच, मग काढून घेणार काय? शिवाय तो स्वतःलाही माफ करत नाही. माझ्यामुळे ती मारली गेली, असं स्वतःच्या तोंडाने म्हणतो. तेव्हा तुमच्या नटाला सांगा, टाळीची अपेक्षाच ठेवू नको. तुझं नाटक पाचव्या अंकातल्या तलवारबाजीत नाही, घोंगड्याखाली आहे.

त्या काळच्या सूडनाटकांत नायक सूड घेणारा असायचा. हॅम्लेटच्या बापाचं भूत येऊन स्पष्ट सांगतं, माझा सूड घे. बँकोचं भूत येतं, रिकाम्या खुर्चीवर बसतं, केस रक्ताने माखलेले, आणि एक शब्दही बोलत नाही. काही मागत नाही. मॅकबेथलाच म्हणावं लागतं की रक्त रक्त मागतं. इथे नायक ज्याच्यावर सूड घेतला जातो तो आहे, म्हणून प्रेक्षक दोन्हीकडे ओढला जातो. भूत दाखवायचं की रिकामी खुर्ची? मी दोन्ही केलंय. बोलणारं भूत नसेल तर माणूस दाखवा. रिकाम्या खुर्चीत प्रेक्षक मॅकबेथला वेडा ठरवून मोकळा होतो.

रक्ताचा हिशेब आता सोपा आहे. शेक्सपिअरने डंकनचा खून आत ठेवला आणि मुलाचा खून बाहेर आणला. आपण स्पर्धेत बरोबर उलटं करतो. पडद्यामागे लाल प्रकाश, सावलीत उंचावलेला खंजीर, वर ढोल, आणि मुलाचा प्रवेश गायब. डंकनचा खून दाखवू नका. दार, रात्र, तिचं कान देऊन ऐकणं, आणि मग तो दोन्ही खंजीर हातात घेऊन येतो. ते तिथेच टाकायचे होते, पहारेकऱ्यांपाशी. तिला ते लगेच दिसत नाहीत. त्याच्या ‘आमेन’ घशात अडकल्याच्या बोलण्यावर ती त्याला समजावत असते आणि मग नजर खाली जाते. खंजीर दिसायच्या आधी थेंब पडल्याचा आवाज यावा म्हणून आम्ही खाली पत्र्याची परात उलटी ठेवली होती. साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि रंग गडद करायला चिमूटभर कोको. पाक फार घट्ट झाला तर थेंब पडत नाही, लोंबतो. पहिल्या रात्री लोंबलाच, मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. कोमट पाण्याने पातळ करा आणि प्रत्येक प्रयोगाला नव्याने करा.

बर्नमच्या रानासाठी खऱ्या फांद्या आणू नका, हेही अनुभवाने सांगते. सुबाभळीची पानं दुपारपर्यंत मिटतात, संध्याकाळी चालत येतो तो काटक्यांचा भारा.

शेवटचं द्वंद्व. मॅकबेथ मॅकडफला टाळत आलाय. म्हणतो, मागे हो, तुझ्या माणसांच्या रक्ताने माझा जीव आधीच जड झालाय. हे वाक्य भीतीचं करू नका, नाटकात त्याने कुणाविषयी दाखवलेली ही जवळजवळ शेवटची लाज आहे. मग जन्माचं कोडं फुटतं. तो म्हणतो, मी लढणार नाही. इथे दोन सेकंद तरी शांतता द्या. चेटकिणी संपल्या, कवच गळालं, आता त्याला काय होणार ते कुणीही सांगितलेलं नाही. आणि तरी तो ढाल पुढे टाकून लढायला उभा राहतो. भाकिताच्या सावलीबाहेर केलेली त्याची ही पहिली कृती.

शेवटी तुम्ही मॅल्कमचं भाषण उडवून मॅकडफच्या हातातल्या डोक्यावर अंधार करताय. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ किंवा त्याच्या खूप आधीचं शि. म. परांजप्यांचं ‘मानाजीराव’ मिळालं तर बघा, मराठीत हे नाटक कसकसं वळवलंय ते कळेल. पण भाषण ठेवा. डोकं दाखवलं नाही तरी चालेल, पोतडी पुरते. पहिल्या अंकात बंडखोराचं डोकं तटावर लावून पदवी मिळवणारा वीर मॅकबेथ होता, शेवटी डोकं घेऊन येणारा वीर मॅकडफ आहे, आणि नवा राजाही लगेच पदव्या वाटतो. त्याच्या शेवटच्या ओळींत, जे जे करायचं ते आम्ही मापात, वेळेवर, जागच्या जागी करू, असं येतं. बघा, पुन्हा ‘करू’. आणि त्याच्या आधी मॅकडफ त्याला जो जयजयकार करतो, तोच इंग्रजी शब्द माळावर चेटकिणींच्या तोंडी होता. तुमच्या भाषांतरात चेटकिणी ‘जय असो’ म्हणतात आणि सरदार ‘चिरायू होवो’ म्हणतात. दोन्हीकडे ‘जय असो’ करा. सगळे गुडघ्यावर बसून एका सुरात म्हणू देत: जय असो, स्कॉटलंडच्या राजा, जय असो. तिघींपैकी एखादीचा आवाज विंगेतून त्यात मिसळायचा की नाही, ते रंगीत तालमीत कानांनी ऐकून ठरवा.